पेन कोव्ह ते व्हॅशॉन : ऑर्कांच्या मुलखात

गुरुवार : व्हिडबी बेट

ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, बघायला निघालेली बहुतेक मंडळी सिएटलहून थेट सॅन वॉन बेट गाठतात. आम्ही आधी व्हिडबी बेटावर गेलो, तो आग्रह माझा. टोकिटे नावाच्या ऑर्काला लहानपणी ज्या खाडीतून उचलून नेलं ती पेन कोव्ह मला अगोदर बघायची होती. सोबत भाचा, भाचेसून आणि त्यांची नऊ वर्षांची लेक. मी त्या मुलीची आत्याआजी. डिसेंबरच्या सुट्टीत तिला सॅन डिएगोच्या सीवर्ल्ड पार्कात टाकीतले ऑर्का दाखवायचं कबूल झालेलं होतं. त्याआधी समुद्रातले बघून घेऊ, असा भाच्याचा बेत.

ऑगस्टचा मध्य होता. पूर्वेकडच्या डोंगरांत वणवे पेटलेले, त्यामुळे सिएटलवर धुराचा पातळ पडदा आणि सकाळचा सूर्य तांब्याच्या पैशासारखा. मुकिल्टिओच्या धक्क्यावर गाडी फेरीत चढवली की वीस मिनिटांत पलीकडचा काठ येतो. तिथे उतरल्यावर मात्र खारा वारा लागला आणि घशातली खवखव गेली.

वाटेत लँगली नावाचं टुमदार गाव लागतं. समुद्राच्या कडेला एका छोट्या बागेत घंटा टांगलेली आहे. पाण्यात देवमासा दिसला की ती वाजवायची, म्हणजे बाकीचे लोक बघायला धावतात. वसंतात ग्रे व्हेल येतात तेव्हा ती पुष्कळ वाजते म्हणे. आमच्या धाकटीने बराच वेळ पाण्यावर डोळे लावले आणि घंटेला हात न लावता परत आली. "दिसल्याशिवाय वाजवायची नाही," तिनेच आम्हाला बजावलं.

दुपारी कूपव्हिल. 1905 सालचा लांबलचक लाकडी धक्का, टोकाला लाल इमारत, आत छताला टांगलेला ग्रे व्हेलचा सांगाडा. बाहेर कठड्याशी उभं राहिलं की सगळी पेन कोव्ह समोर पसरते. लांबट, शांत, तीन बाजूंनी जमीन. पाण्यावर शिंपल्यांच्या शेतीचे तराफे. इतकी निवांत जागा की इथे काय घडलं हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

8 ऑगस्ट 1970. स्पीडबोटी, वरून विमान, पाण्यात फोडलेले सुतळी बाँबसारखे स्फोटक, असं करत ऐंशीच्या वर ऑर्का या खाडीत कोंडले. पकडणारे होते टेड ग्रिफिन आणि डॉन गोल्डस्बरी. त्यांना मोठे नको होते. मोठा ऑर्का विमानात घालणं महाग, म्हणून पिल्लं. जाळी टाकून पिल्लं आयांपासून वेगळी केली. सात पिल्लं जगभरच्या मत्स्यालयांना विकली गेली. पाच ऑर्का जाळ्यांत अडकून बुडाले, त्यांतली चार पिल्लं होती. मेलेल्यांची पोटं फाडून आत दगड भरले, शेपटांना लोखंड बांधलं आणि त्यांना तळाला सोडलं. लोकांना कळू नये म्हणून. काही महिन्यांनी त्यांतली काही प्रेतं वर आलीच.

धक्क्यावरच्या दुकानात सत्तरीच्या एक बाई भेटल्या. लहानपण याच खाडीच्या काठी गेलेलं. मी टोकिटेचं नाव काढलं तसं त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "रात्री खिडक्या लावून घेतल्या तरी आवाज यायचा," त्या म्हणाल्या. "पिल्लं जाळ्याच्या आत, मोठे बाहेर. बाहेरच्यांना वाट मोकळी होती. पण ते गेले नाहीत." एवढं बोलून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग धाकटीला म्हणाल्या, "तू मोठी झालीस की हे कुणाला तरी सांग."

विकलेल्या सातांपैकी एक टोकिटे. तेव्हा वय चारेक वर्षं. ती मायामीला गेली, तिथे तिचं नाव लोलिता ठेवलं. टाकी 80 फूट लांब, 35 फूट रुंद, सगळ्यात खोल जागी 20 फूट. ती स्वतः वाढून वीस फुटांच्या वर गेली. म्हणजे पाण्यात सरळ उभी राहिली असती तर शेपूट तळाला टेकलं असतं. ह्यूगो नावाचा याच समुद्रातला एक नर तिच्या सोबतीला होता, तो मार्च 1980 मध्ये गेला. भिंतीवर डोकं आपटायची त्याची सवय सगळ्यांना माहीत होती. त्यानंतर 43 वर्षं टोकिटेने दुसरा ऑर्का पाहिला नाही. 2023 च्या मार्चमध्ये तिला परत आणायची घोषणा झाली आणि 18 ऑगस्टला ती त्याच टाकीत मेली. इथले लम्मी आदिवासी ऑर्कांना पाण्याखालचे नातेवाईक मानतात. तिला परत आणा म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागले होते. त्यांनी तिची रक्षा आणून सप्टेंबरात सेलिश समुद्रात, म्हणजे इथल्याच पाण्यात, सोडली.

रात्री धक्क्याजवळ शिंपले खाल्ले, लसूण आणि लोण्यातले. पेन कोव्हचे शिंपले नावाजलेले आहेत आणि त्यांत काही अतिशयोक्ती नाही. रस्सा पावाने निपटून पुसून खावा. कूपव्हिलमध्ये राहायची सोय थोडी आहे, उन्हाळ्यात आधी ठरवून जाणं बरं. दरवर्षी 8 ऑगस्टच्या सुमारास इथे त्या दिवसाची आठवण जागवतात. जमल्यास तारखा तशा जुळवा.

शुक्रवार : फ्रायडे हार्बर

डिसेप्शन पासच्या पुलावर अर्धा तास, मग अनाकोर्टिसची फेरी. टेबलांवर अर्धवट लावलेली जिगसॉ कोडी पडलेली असतात. आधीचे प्रवासी दोन-चार तुकडे लावून उतरतात, पुढचे बसून पुढे लावतात. धाकटी आणि एक ट्रक ड्रायव्हर आजोबा फ्रायडे हार्बर येईपर्यंत एका जहाजाचं शीड लावत होते.

गाडी न्यायची तर या फेरीचं आरक्षण केलेलं बरं, आणि उन्हाळ्यात ते भराभर संपतं. पायी चढणाऱ्याला आरक्षण लागत नाही. पैसे फक्त बेटाकडे जाताना घेतात, परतीला नाही. बेटावर उन्हाळ्यात बस असते, त्यामुळे गाडीवाचून अडत नाही.

फ्रायडे हार्बरला 1979 पासूनचं व्हेल म्युझियम आहे. दोन खोल्यांचं म्हणावं इतकं साधं, पण मी तिथून लवकर हलले नाही. इथल्या ऑर्कांची वंशावळ तिथे मांडलेली आहे. आजी, तिच्या लेकी, लेकींची मुलं. प्रत्येकाला क्रमांक आणि नाव. ही ओळख पटवायची रीत कॅनडाच्या मायकेल बिग यांनी 1970 च्या दशकात बसवली. पाठीवरच्या उभ्या पराचा आकार आणि त्यामागचा राखाडी पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो. फोटो काढून तो नीट बघितला की हा कोण ते कळतं. तोवर समुद्रात ऑर्का हजारोंनी आहेत असं धरून चाललेलं होतं. केन बॅलकम यांनी 1976 मध्ये मोजदाद केली तेव्हा इथे वर्षाचा बराच काळ राहणारे, म्हणून रेसिडेंट म्हटले जाणारे, जे, के आणि एल या तीन पॉडचे, म्हणजे कळपांचे, मिळून निघाले 71. आधीच्या दहा-बारा वर्षांत पन्नासच्या आसपास एकतर नेलेले किंवा पकडताना मेलेले होते, आणि त्यांत बहुतेक कोवळे.

या वंशावळीपुढे उभं राहिल्यावर मला जे समजलं ते आधी वाचून समजलं नव्हतं. या रेसिडेंट ऑर्कांमध्ये लेक सासरी जात नाही आणि मुलगाही घर सोडत नाही. तीस वर्षांचा, सहा फुटी पराचा नर आईच्या बगलेत पोहतो. पिल्लं होणं थांबल्यावरही माद्या कित्येक वर्षं जगतात, आणि सॅमन कमी असलेल्या वर्षी कळपाच्या पुढे बहुतेकदा या वयस्क माद्याच असतात. मासे कुठे मिळतील ते त्यांना ठाऊक. प्रत्येक पॉडची बोली निराळी, आणि ती घरातच शिकायची. टोकिटे मायामीच्या टाकीतही एल पॉडचेच आवाज काढत असे. एल-25, ओशन सन, ही तिची आई असावी असं अनेकजण मानतात.

म्हणून टाकी लहान की मोठी हा वाद मला दुय्यम वाटतो. टाकी दहापट केली तरी आई कुठून आणणार?

शनिवार : लाइम किल्न, धुकं

बेटाच्या पश्चिमेला लाइम किल्न पॉइंट हे उद्यान आहे. पूर्वी इथे चुन्याच्या भट्ट्या होत्या. 1919 चं पांढरं दीपगृह, खडकांचा उतार, आणि काठापासूनच खोल होत जाणारी हॅरो सामुद्रधुनी. म्हणून ऑर्का इथे अगदी किनाऱ्यालगत येतात. बोटीत न बसता त्यांना बघायला जगात फार थोड्या जागा असतील.

सकाळी पोचलो तर धुक्यात दीपगृहही धड दिसेना. पलीकडे कॅनडाचं व्हँकूव्हर बेट असतं, त्याचा पत्ता नाही. मोठ्या जहाजांचे भोंगे ऐकू येत होते, जहाजं नाही. आम्ही खडकावर चटई टाकली. भाचेसुनेने थालीपीठं, दाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा आणला होता. शेजारी पोर्टलंडचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं, त्यांना थालीपीठ दिलं तर आजोबांनी तिखटाने डोळे पुसत दुसरं मागून घेतलं.

दीपगृहाजवळ पाण्याखाली मायक्रोफोन बसवलेला आहे. निरीक्षणासाठी येणाऱ्या स्वयंसेविकेने आम्हाला तो ऐकवला. मी शांततेची अपेक्षा केली होती. कानात आली ती घरघर, थांबायचं नाव न घेणारी. दिसत नसलेल्या मालवाहू जहाजाची. "ते ऐकून शिकार करतात," ती म्हणाली. "आता तुम्ही या घरघरीत मासा शोधून दाखवा." पूर्वी जून-जुलैत जे, के, एल इथे जवळजवळ रोज असायचे. फ्रेझर नदीकडे जाणारे चिनूक सॅमन त्यांचं मुख्य अन्न. चिनूक घटले, आणि आता आठवडेच्या आठवडे रेसिडेंट इकडे फिरकत नाहीत. 1995 च्या सुमाराला ते 98 पर्यंत पोचले होते. आज पंचाहत्तरच्या आत आहेत. 2005 मध्ये अमेरिकेने त्यांना नष्ट होण्याच्या मार्गावरची जमात म्हणून संरक्षण दिलं. अन्न कमी, आवाज जास्त, चरबीत साठलेली जुनी रसायनं, ही कारणं. आणि ज्या माद्या आज आज्या असायच्या, त्या पेन कोव्हसारख्या ठिकाणांहून नेल्या गेल्या.

दुपारी भाच्याने विषय काढलाच. "आत्या, तुला राग येईल, पण शो नसते तर लोकांना ऑर्कांचं प्रेम वाटलं असतं का?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. 1960 च्या सुमाराला कॅनडाच्या मत्स्य खात्याने ऑर्कांवर गोळ्या घालायला एका सामुद्रधुनीच्या काठावर मशीनगन बसवली होती. ती झाडली गेली नाही, पण बसवली होती. कोळी दिसेल त्या ऑर्कावर बंदूक चालवत. मग 1965 मध्ये नामू नावाचा नर जाळ्यात सापडला. टेड ग्रिफिनने तो 8000 डॉलरला विकत घेतला, तरंगत्या पिंजऱ्यातून सिएटलला आणला आणि त्याच्यासोबत पाण्यात पोहला. लोकांनी बघितलं, की हा माणसाला खात नाही. नामू वर्षभरात मेला. पण त्याच्यामुळे भीती गेली आणि त्याच्यामुळेच मागणी आली. लगोलग पकडापकडी सुरू झाली.

मी भाच्याला म्हटलं, "प्रेम वाटलं ते खरं. पण ते देणं ऑर्कांचं आहे, टाकीवाल्यांचं नाही. आणि एकदा कळल्यावर पुन्हा पुन्हा टाकीत बघून काय नवीन कळणार?" तो म्हणाला, "हं." त्याचं समाधान झालं नव्हतं, ते मला दिसत होतं.

इथली पकड थांबली ती मार्च 1976 मध्ये. ऑलिंपियाजवळ बड इनलेटमध्ये पुन्हा स्फोटकं टाकून ऑर्का कोंडले, आणि नेमके गव्हर्नरांचे सहायक राल्फ मन्रो तिथे शिडाच्या होडीत होते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. राज्य सरकार कोर्टात गेलं, ऑर्का सोडावे लागले, आणि सीवर्ल्डने वॉशिंग्टनच्या पाण्यात पुन्हा पकडणार नाही असं मान्य केलं. मग पकडणारे आइसलंडकडे वळले.

त्या दिवशी ऑर्का आले नाहीत. संध्याकाळी रस्त्याकडेच्या झुडपांवरची ब्लॅकबेरी तोडत परतलो, धाकटीची बोटं जांभळी झाली. गावात जेवायला सॅमन मागवताना मी कुठला ते विचारलं. अलास्काचा सॉकाय निघाला, म्हणून घेतला. चिनूक असता तर नसता घेतला.

रविवार : बोटीवर

बोटीबद्दल माझ्या मनात खूप दिवस किंतु होता. शेवटी रेसिडेंटांच्या मागे न जाणारी बोट बघून तिकिटं काढली. तुम्हीही तिकीट काढण्यापूर्वी हे विचारा. 1 जानेवारी 2025 पासून वॉशिंग्टनमध्ये कुठल्याही बोटीने रेसिडेंटांपासून 1000 यार्ड लांब राहायचं असा कायदा आहे. बोटी आता बहुतेक बिग्ज ऑर्कांकडे जातात. मायकेल बिग यांच्याच नावाने ओळखले जाणारे हे दुसरे लोक. दिसायला जवळजवळ तसेच, पण मासे खात नाहीत. सील, समुद्रसिंह, पॉरपॉइज खातात. शिकार ऐकणारी असल्यामुळे फार बोलत नाहीत. रेसिडेंटांशी त्यांची सोयरीक होत नाही. 1972 च्या कायद्याने सीलना संरक्षण मिळालं, सील वाढले, आणि बिग्जही वाढले. अन्न मिळालं की ऑर्का आपोआप सावरतात, याचा याहून साधा पुरावा नको.

गरम कपडे न्या. ऑगस्टातही बोटीवर दात वाजतात.

तासाभराने ते दिसले. एक मादी, दोन मोठी मुलं, एक पिल्लू. पिल्लाच्या पांढऱ्या ठिपक्यांवर नारिंगी झाक होती, तान्ह्यांची असते तशी. कप्तानाने इंजिन अगदी मंद केलं. खडकांवर सील चिकटून बसले होते, एकही पाण्यात उतरेना. मग ऑर्का बुडाले आणि बराच वेळ वर आले नाहीत. अचानक पाणी उसळलं, एक शेपूट वर गेलं, आणि गल पक्षी कुठून कुठून गोळा झाले. मादी वर आली तेव्हा पिल्लू तिला चिकटून होतं, आणि तिच्या तोंडात काहीतरी होतं. तिने ते फाडलं, अर्धं शेजारच्या मुलाकडे गेलं. धाकटी सीलसाठी रडली. तिच्या आईने तिला जवळ घेतलं, पण "असं नव्हतं व्हायला पाहिजे" असं कुणी म्हणालं नाही, ते मला आवडलं.

आमच्यासोबत फक्त आणखी एक बोट होती, तीही लांब. मला तारकर्लीची आठवण झाली. सकाळी एक डॉल्फिन दिसला की दहा होड्या एकदम त्याच्यावर धावतात, नाही दिसला तर गिऱ्हाईक नाराज. होडीवाल्यांचं पोट त्यावर आहे, त्यांना एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. पण अंतर आणि वेग यांचा नियम असला आणि तो पाळायची सवय लागली, तर धंदाही राहतो, हे इथे दिसतं. आपल्या मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला 'सी वर्ल्ड' आणायची चर्चा वर्षानुवर्षं चालली. गावकरी जमिनींसाठी उभे राहिले. डॉल्फिनचे खेळ भारतात आणू नयेत हे मात्र केंद्राने मे 2013 मध्येच राज्यांना कळवलं होतं, आणि तो निर्णय मला आपल्या देशाच्या चांगल्या निर्णयांपैकी वाटतो. 1998 मध्ये चेन्नईजवळ आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले होते. कॅनडाने असा कायदा करायला 2019 उजाडलं.

सोमवार : लाइम किल्न, पुन्हा

दुपारची फेरी होती. सकाळी उठून एकदा जाऊन येऊ म्हणून गेलो. धुकं पाण्यापासून माणूसभर वर उचललेलं, खाली समुद्र काचेसारखा. शनिवारचीच स्वयंसेविका दीपगृहाच्या पायऱ्यांवर होती. तिने काही न बोलता हात वर केला आणि दक्षिणेकडे दाखवलं.

आधी आवाज आला. भुस्स. मग थोड्या अंतराने दुसरा, जड. दिसत काही नव्हतं. मग केल्पच्या, म्हणजे लांब समुद्री शेवाळाच्या, पट्ट्याच्या पलीकडे, काठापासून शंभरेक मीटरवर, एक काळा पर पाण्यातून वर येऊ लागला, आणि येतच राहिला. टोकाशी किंचित हलत, सरळ उभा. बंदिस्त नरांचा पर जवळजवळ सगळ्यांचाच एका बाजूला लोळतो, तो फोटोंत बघून बघून डोळ्यांना सवय झालेली. हा उभा पर बघून भाच्याच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला.

"जे-47, नॉच," स्वयंसेविका दुर्बीण न काढता म्हणाली. "आणि पुढे त्याची आई. जे-35."

जे-35 म्हणजे टालेक्वा. जुलै 2018 मध्ये तिचं पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासात गेलं आणि तिने ते 17 दिवस डोक्यावर वाहिलं. घसरलं की बुडी मारून पुन्हा वर आणायची. 2025 च्या सुरुवातीला पुन्हा एक गेलं, पुन्हा तिने तेच केलं. ती आता माझ्यासमोर होती, दोन्ही मुलगे बरोबर. धाकटा, 2020 चा, तिच्या पाठीमागून सारखा वर येत होता, एकदा केल्पची लांब वेल परावर घेऊन. ती वेल त्याने सोडली, मग पुन्हा घेतली. टालेक्वा एकदा आमच्या बाजूला कलली. डोळ्यावरचा पांढरा ठिपका, ओला काळा गाल, त्यावर ओरखड्यांच्या बारीक रेघा. दोन श्वासांपुरतं. मग ती वळली आणि तिच्यासोबत दोघेही वळले.

मागून बाकीचे आले. कुणी दोघं, कुणी चौघं, असे पसरून. पाण्याखालच्या मायक्रोफोनला जोडलेल्या स्पीकरवर आज जहाज नव्हतं. शिट्ट्या, करकर, दार उघडताना कुरकुरावं तसे लांब स्वर, एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याचं. काठावर जमलेली वीस-पंचवीस माणसं होती आणि कुणीही ओरडत नव्हतं. पोर्टलंडचे आजोबा टोपी काढून उभे होते. दूर हजार यार्डांच्या पलीकडे एक बोट इंजिन बंद करून थांबलेली.

वीस मिनिटांत सगळे उत्तरेला गेले. धाकटीने विचारलं, "यांच्यातल्याच होत्या का त्या सात?" मी म्हटलं, याच समुद्रातल्या, यांच्याच नातलगांतल्या.

लाइम किल्नला जाणाऱ्यांसाठी: राज्य उद्यानाचा पास लागतो, खायला-प्यायला आणि बसायला बरोबर न्या, किमान दोन दिवस ठेवा. दिसतीलच असं नाही. पार्किंग छोटं आहे, सकाळी लवकर जा.

मंगळवार : व्हॅशॉनची फेरी

सिएटलला परतल्यावर एक दिवस हातात होता. पश्चिम सिएटलच्या फॉन्टलरॉय धक्क्यावरून व्हॅशॉन बेटाची फेरी सुटते. बघायला तसं काही नाही. मला मुलीला एक गोष्ट तिच्या जागेवर सांगायची होती.

जानेवारी 2002 मध्ये याच फेरीच्या वाटेवर एक दोन वर्षांचं ऑर्का पिल्लू एकटंच फिरताना दिसू लागलं. आजारी, हाडं निघालेली, ओंडक्यांना अंग घासणारी. आवाजावरून कळलं की ती इथली नाही. कॅनडातल्या जॉनस्टन सामुद्रधुनीच्या उत्तर रेसिडेंटांपैकी, ए-73, स्प्रिंगर. आई मेलेली होती. तिला मत्स्यालयात ठेवावं असं म्हणणारेही होते. पण जूनमध्ये तिला पकडून समुद्रातल्याच जाळीबंद कुंपणात ठेवलं, बरं केलं, आणि जुलैत वेगवान बोटीतून उत्तरेला तिच्या पाण्यात नेलं. आदिवासी नामगीस लोक होड्या घेऊन स्वागताला आले. दुसऱ्या दिवशी तिच्या घरचे जवळून जाऊ लागले, आणि तिला सोडलं. काही दिवसांत ती कळपात मिसळली. 2013 मध्ये तिला स्वतःचं पिल्लू झालं.

धाकटीने कठड्याला रेलून सगळं ऐकलं. मग तिने विचारलं, "सॅन डिएगोला कोण आहे?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. तिथे कॉर्की आहे. स्प्रिंगरच्याच मुलखातली. डिसेंबर 1969 मध्ये पेंडर हार्बरला पकडली तेव्हा ती लहान होती. टाकीत ती सात वेळा गाभण राहिली, सगळ्यात जास्त जगलेलं पिल्लू 46 दिवस जगलं. तिची आई 2000 पर्यंत समुद्रात होती. कॉर्कीला नेल्यानंतर तिला आणखी मुलं झाली, ती भावंडं कॉर्कीने कधी पाहिली नाहीत. सीवर्ल्डने 2016 पासून पैदास थांबवली आहे, म्हणजे आता आहेत तेवढेच शेवटचे. पण जे आहेत त्यांचं काय, हे अजून कुणी सोडवलेलं नाही. टाकीत जन्मलेल्यांना शिकार येत नाही, त्यांना नुसतं सोडून देता येणार नाही. समुद्रात पकडून वर्षानुवर्षं टाकीत ठेवलेल्या केइको नावाच्या नराला आइसलंडला परत नेलं, तो पोहत नॉर्वेपर्यंत गेला, पण जंगली ऑर्कांत पुरता रमला नाही आणि 2003 मध्ये वारला. फ्रान्समध्ये अँटिबचं पार्क जानेवारी 2025 मध्ये बंद झालं, प्रेक्षक घरी गेले आणि विकी आणि तिचा मुलगा केइजो हे ऑर्का टाकीतच राहिले. समुद्राचा एखादा कोपरा जाळी लावून त्यांना द्यावा, तिथे माणसांनी त्यांना जन्मभर सांभाळावं, एवढं तरी व्हायला हवं. ते खर्चाचं आहे, आणि तो खर्च ज्यांनी इतकी वर्षं तिकिटं विकली त्यांनी द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

"मग आपण कॉर्कीला बघायला जायचं का?" ती म्हणाली. "ती एकटी असेल."

"तिकिटाचे पैसे टाकीला जातात," भाचा म्हणाला. "आत्या, तिच्या मुलखात जायला किती दिवस लागतील?"

व्हँकूव्हर बेटाच्या उत्तर टोकाजवळ टेलिग्राफ कोव्ह आणि अलर्ट बे आहे. सिएटलहून गाडीने आणि फेरीने दोन दिवस धरावेत. जुलै ते सप्टेंबर चांगला काळ. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून मी आत्ताच अर्ज भरायला घेतला आहे.